स्कूटर तिरकी करण्याचा इतिहास

ज्यांचं लहानपण ऐंशी-नव्वदच्या दशकात शहरात किंवा तालुक्याच्या गावी गेलं, त्यांनी हे दृश्य पाहिलेलं असतंच. ऑफिसला निघालेला माणूस स्कूटरला दहा-बारा किक मारतो. ती नुसतीच फुरफुरते. मग तो हँडल आणि सीट धरून तिला एका अंगावर तिरकी करतो, क्षणभर तशीच धरतो, परत सरळ उभी करतो. पुढच्या किकला ती चालू होते. मागे निळसर धूर सोडून तो निघून जातो.

यावरचे मीम तुमच्या फोनवरही येऊन गेले असतील. पण स्कूटर तिरकी केल्याने नेमकं काय व्हायचं, हे त्या मीममध्ये नसतं.

उत्तर सोपं आहे. या स्कूटरमध्ये पेट्रोलचा पंप नव्हता. सीटखाली टाकी, त्याखाली कार्बोरेटर, आणि मधे एक नळी. पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरायचं. टाकीत पेट्रोल कमी असलं किंवा नळीत हवा अडकली की ते नीट उतरत नसे. गाडी कलंडवली की तळाशी उरलेलं पेट्रोल नळीच्या तोंडाकडे सरकायचं आणि कार्बोरेटरमधला अडकलेला फ्लोटही हलायचा. थोडं जास्तीचं पेट्रोल आत गेलं की थंड इंजिन पटकन पेट घ्यायचं.

म्हणजे ही एक दुरुस्ती होती. पाना न लागणारी, घराच्या दारात होणारी. लाखो लोक ती करत होते. एवढ्या लोकांना घरच्या घरी इंजिनशी झटापट का करावी लागत होती आणि ती त्यांना करता का येत होती, या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या देशांत सापडतात.

विमानवाल्याची स्कूटर

करता का येत होती, याचं उत्तर इटलीत आहे. पियाजिओ ही कंपनी युद्धाआधी विमानं बनवत होती. तिचा पोंतेदेरा इथला कारखाना दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर लोकांना परवडेल असं स्वस्त वाहन हवं होतं, म्हणून मालक एन्रिको पियाजिओ यांनी ते काम कोरादिनो दास्कानियो या इंजिनिअरकडे सोपवलं. दास्कानियो विमानक्षेत्रातला माणूस. 1930 मध्ये त्याने बनवलेलं हेलिकॉप्टर उडालं होतं. मोटरसायकली त्याला आवडत नसत. चेनमुळे कपडे खराब होतात आणि पंक्चर झालं की चाक काढणं जिकिरीचं होतं, अशी त्याची तक्रार होती.

म्हणून त्याने चेनच काढून टाकली आणि इंजिन थेट मागच्या चाकाशी जोडलं. पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं, म्हणजे नट सोडले की चाक हातात. पुढचं आणि मागचं चाक सारखंच, त्यामुळे एक स्टेपनी दोन्हीकडे चालायची. एप्रिल 1946 मध्ये या रचनेचं पेटंट दाखल झालं. गाडीचं नाव व्हेस्पा, म्हणजे गांधीलमाशी.

तिचं इंजिन टू-स्ट्रोक होतं. फोर-स्ट्रोक इंजिनात असतात तसे व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, ऑइलचा पंप यांतलं त्यात काही नसतं. पेट्रोलमध्येच थोडं ऑइल मिसळायचं, तेच आतल्या भागांना वंगण देतं. हलणारे भाग मोजके. उजव्या बाजूचं कव्हर काढलं की प्लग आणि कार्बोरेटर हाताशी येतात.

मेकॅनिक जवळ नसलेल्या, युद्धाने मोडलेल्या देशातल्या माणसासाठी ही रचना होती. ती आपल्याकडे आली तेव्हा इथली परिस्थिती वेगळी होती, पण रचना नेमकी उपयोगी पडली.

दहा वर्षांची रांग

करावी का लागत होती, याचं उत्तर पुणे आणि दिल्लीच्या मधे कुठेतरी आहे. बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन, म्हणजे पुढची बजाज ऑटो, 1948 पासून परदेशातून स्कूटर आणून विकत होती. 1959 मध्ये तिला इथे स्कूटर बनवण्याचा परवाना मिळाला आणि पियाजिओच्या सहकार्याने पुण्याजवळ आकुर्डीत व्हेस्पा तयार होऊ लागल्या. 1971 मध्ये तो करार संपला. 1972 मध्ये त्याच घाटाची स्कूटर राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव घेऊन बाजारात आली. तीच चेतक.

मागणी प्रचंड होती. पण 1951 च्या उद्योग नियमन कायद्यानुसार कोणत्या कारखान्याने किती माल काढायचा हे सरकारच्या परवान्यावर ठरत होतं. कारखाना वाढवायचा तरी परवानगी लागे. परिणाम असा, की स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागायची. काही काळ ही रांग दहा वर्षांपर्यंत गेली होती. ज्याचा नंबर लागला तो तीच गाडी दुसऱ्याला जास्त किमतीला विकू शकत होता.

जी वस्तू मिळायला दहा वर्षं लागतात, ती बिघडली म्हणून कुणी बदलत नाही. ती पंधरा-वीस वर्षं चालवायची असते. नोकरदार माणसाला दर महिन्याला मेकॅनिककडे जाणंही परवडत नसे. त्यामुळे डिकीत प्लग पाना, एक जादा प्लग, क्लचची वायर, पॉलिश पेपरचा तुकडा आणि जुनी बनियन असा संसार असायचा. रविवारची सकाळ त्या बनियनची.

हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण आज त्या काळाबद्दल गोड बोललं जातं. ‘पूर्वीच्या वस्तू टिकायच्या’ असं म्हणताना, त्या टिकवाव्या लागत होत्या, ही बाजू सुटून जाते.

इंजिनाला विचारायचे प्रश्न

तरीही त्या रविवारच्या सकाळी लोक जे शिकले ते मोलाचं होतं. बंद पडलेल्या टू-स्ट्रोक इंजिनाकडे पाहण्याची एक ठरलेली रीत होती.

पहिला प्रश्न, पेट्रोल येतंय का? कॉक बंद तर नाही, रिझर्व्हवर करायचा राहिला का? कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून बघायची, धार पडतेय का. पडत असेल तर कचरा जेटमध्ये. जेट म्हणजे पितळेचा छोटा तुकडा, मधे केसाएवढं भोक. तो तोंडाने फुंकून किंवा हवेच्या पंपाने साफ करायचा. भोकात तार घालायची नाही, हे जाणती माणसं बजावून सांगत. भोक किंचित जरी मोठं झालं, तरी पेट्रोलचं माप कायमचं बिघडतं.

दुसरा प्रश्न, ठिणगी पडतेय का? प्लग काढायचा, टोपी लावायची, प्लगचं धातूचं अंग इंजिनाच्या हेडला टेकवून किक मारायची. निळी, कडक ठिणगी दिसली तर ठीक. पिवळी, मरतुकडी दिसली किंवा काहीच दिसलं नाही, तर प्लग साफ करून पुन्हा बघायचं. प्लगच्या दोन टोकांत साधारण 0.6 मिलिमीटर फट हवी. तिथे ऑइलच्या काजळीचा तंतू तयार झाला की विजेला उडी मारावी लागत नाही आणि ठिणगी पडत नाही. ‘प्लग शॉर्ट झालाय’ म्हणतात ते हेच. प्लग ठीक असेल तर नजर पॉइंटकडे. चुंबकाच्या चाकाच्या खिडकीतून दिसणारे हे दोन छोटे संपर्कबिंदू प्रत्येक फेरीत उघडतात आणि ठिणगीची वेळ ठरवतात. ते काळे पडले की पॉलिश पेपर फिरवायचा.

तिसरा प्रश्न, हवा आणि धुराचा रस्ता मोकळा आहे का? ऑइल जळून सायलेन्सरमध्ये कार्बन साठतो. गाडी चालू होते, पण ओढत नाही. मग सायलेन्सर काढून आगीत भाजायचा आणि ठोकून आतला काळा कचरा पाडायचा.

प्लगचा रंग हा तर पेशंटच्या जिभेसारखा. ओला आणि काळा असेल तर पेट्रोल पोचतंय पण जळत नाही. कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही. पांढुरका असेल तर पेट्रोल कमी पडून इंजिन तापतंय. कॉफीसारखा तपकिरी असेल तर सगळं ठीक.

या सगळ्याला कोणती डिग्री लागत नव्हती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, परिणाम बघायचा, मग पुढे जायचं. विज्ञानाच्या तासाला प्रयोगवहीत जी रीत नुसती उतरवून घेतली जाते, ती इथे पोरं दारात बसून वापरत होती.

पाना कुणाच्या हातात

‘पोरं’ हा शब्द मुद्दाम वापरला. स्कूटरजवळ पाना धरायला बोलावलं जायचं ते मुलाला. मुलीला क्वचित. घरची स्कूटर बाबांची असायची आणि आई मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसायची. शिलाई मशीनचा पट्टा, स्टोव्हचा बर्नर, मिक्सरचं रबर हे सगळं जी बाई स्वतः नीट करायची, तिला इंजिनातलं काही कळणार नाही असं घरात गृहीत धरलेलं असायचं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात बटन दाबून चालू होणारी, गिअर नसलेली कायनेटिक होंडा आली. पुढे 2001 च्या सुमारास ॲक्टिव्हा आली. या गाड्या उघडून बघायच्या नव्हत्या, चालवायच्या होत्या. त्यांच्यामुळे कितीतरी बायका-मुलींच्या हातात पहिल्यांदा हँडल आलं. तेव्हा इंजिन झाकलं जाण्याची गोष्ट सांगताना, त्याच काळात रस्ता कुणासाठी उघडला हेही सांगायला हवं.

आणखी एक माणूस या गोष्टीत आहे. बाबांना जे जमायचं नाही, म्हणजे बोअर करणं, पिस्टन-रिंग बदलणं, क्लच प्लेट टाकणं, ते कोपऱ्यावरचा मेकॅनिक करायचा. तो बहुधा शाळा अर्धवट सोडून, दुसऱ्या मेकॅनिकच्या हाताखाली भांडी घासल्यासारखे पार्ट घासत शिकलेला. सुटे भाग पुण्यात नाना पेठेतल्या दुकानांत मिळत. जुने हवे असतील तर बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार होताच. एकाच घाटाची गाडी वर्षानुवर्षं चालू राहिल्यामुळे एका गाडीचा भाग दुसरीला बसायचा. घरची दुरुस्ती या सगळ्यांच्या आधाराने उभी होती.

डबा बंद होत गेला

हे इंजिन संपलं त्याला चांगलं कारण होतं. टू-स्ट्रोकमध्ये जळलेला धूर बाहेर जात असतानाच नवं पेट्रोल आत येतं आणि त्यातलं काही न जळताच सायलेन्सरमधून निसटतं. वर मिसळलेल्या ऑइलचा धूर. ‘इंजिनला बरं’ म्हणून लोक जरा जास्तच ऑइल घालायचे, त्याने धूर आणखी वाढायचा. सरकारचे धुराचे निकष 1991 मध्ये आले, 1996 आणि 2000 मध्ये आणखी कडक झाले. फोर-स्ट्रोक गाड्या कमी धूर सोडून जास्त मायलेज देत होत्या. परवान्यांची रांगही 1991 नंतर इतिहासजमा झाली होती. 2009 मध्ये बजाजने स्कूटरच बंद करून फक्त मोटरसायकलींवर लक्ष द्यायचं ठरवलं.

पण झाकण बंद होण्याची सुरुवात त्याआधीच झाली होती. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा छोटा डबा आला. घासायची, फट जुळवायची कटकट संपली. मात्र तो डबा बिघडला तर उघडण्यासारखं आत काही नव्हतं, बदलायचाच. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 लागू झालं, आणि बहुतेक दुचाकींमधून कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. आता पेट्रोलचं माप सेन्सर आणि कॉम्प्युटर ठरवतात. गाडी सकाळी एका बटनावर चालू होते. ती चालू झाली नाही, तर तिला काय विचारायचं हे चालवणाऱ्याला माहीत नसतं. ते कळण्यासाठी कोड वाचणारं यंत्र लागतं.

तेच नाव, तेच गाव

जानेवारी 2020 मध्ये चेतक परत बाजारात आली, इलेक्ट्रिक होऊन. 2022 मध्ये तिच्यासाठी आकुर्डीतच खास कारखाना सुरू झाला. तिला प्लग नाही, जेट नाही, सायलेन्सर नाही. बिघडू शकणारे कितीतरी भाग मुळातच नाहीत आणि धूरही नाही. बॅटरी आणि सॉफ्टवेअर मात्र आहेत. त्यांच्या बाबतीत, ज्याची गाडी आहे तो माणूस नेमका कुठे उभा आहे, हा प्रश्न कोणत्याही कंपनीच्या इलेक्ट्रिक गाडीला विचारावा लागतो. तुमच्या हातातल्या फोनलाही.

हा प्रश्न जगभर विचारला जातोय. फ्रान्समध्ये 2021 मध्ये फोन, लॅपटॉप, वॉशिंग मशीन अशा काही वस्तूंवर त्या किती सहज दुरुस्त होऊ शकतात याचे गुण छापणं बंधनकारक झालं. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेरीस एक पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं त्यात आहेत.

दारात गाडी तिरकी करण्याचे दिवस परत आणायची गरज नाही. ती टंचाईची सवय होती आणि तो धूर कुणाच्या फुप्फुसासाठी चांगला नव्हता. त्या काळातून उचलण्यासारखी गोष्ट एवढीच, की वस्तू विकत घेणाऱ्याला ती उघडायची मुभा होती, भाग बाजारात मिळत होते, आणि कंपनीबाहेरच्या माणसालाही ती नीट करता येत होती. पुढच्या वेळी शोरूममध्ये रेंज आणि ईएमआय विचारून झाल्यावर आणखी तीन गोष्टी विचारा. वॉरंटी संपल्यावर बॅटरीतले खराब सेल वेगळे बदलून मिळतील का? बाहेरच्या मेकॅनिकला बिघाडाचा कोड वाचता येईल का? सुटे भाग किती वर्षं मिळत राहतील? सेल्समनला उत्तर देता आलं नाही, तरी हा प्रश्न कुणीतरी विचारतंय हे त्याच्या वरच्यांपर्यंत पोचेल.