अमरदाद महिन्यातला जन्म

अक्काआत्याच्या वर्षश्राद्धाला परतूरच्या जुन्या घरी सगळे जमलो होतो. ओसरीवर हार घातलेला फोटो, खाली आधार कार्डावरची तारीख: जन्म 1 जानेवारी 1947. पुण्याहून आलेल्या पुतण्यानं ती वाचली आणि बोटांवर हिशेब केला.

"रझाकारांच्या वेळी आजी दीड वर्षाची? मग लोणारची गोष्ट तिला आठवायची कशी?"

पत्रावळी मांडणारे हात थांबले. ती गोष्ट आमच्या घरात देव्हाऱ्यातल्या टाकांसारखी होती, कुणी हलवत नसे.

1948चा उन्हाळा. बैलांच्या घुंगरमाळा काढून ठेवलेल्या, आख करकरू नये म्हणून वंगण थापलेलं. रात्री गाडी मंठ्याच्या वाटेनं निघाली ती लोणारला पोचली. लोणार वऱ्हाडात, निजामाच्या अमलाबाहेर. इंग्रज जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी आत्या शेवटपर्यंत म्हणायची, "इकडं मोगलाई, तिकडं इंग्रजी." तिथल्या सरोवराचं पाणी तिनं ओंजळीत घेऊन चाखलं. "लई खारं. आन् वरून मायची चापट." चापटेचा आवाजही ती टाळी वाजवून काढायची. दीड वर्षाच्या पोरीला चापट आठवेल, खारटपणा कदाचित आठवेल. वंगण कसं आठवणार?

थोरले काका न बोलता माळवदावरच्या खोलीत गेले आणि आजोबांची चोपडी घेऊन आले. मोडी वाचणारे घरात आता तेच एक. पान सापडायला वेळ लागला. 'अमरदाद 1349 फसली. कन्यारत्न.' खाली सुईणीला दिलेले दोन रुपये, हाली.

फसलीत 590 मिळवायचे. 1939 आलं. काकांनी मान हलवली: निजामाचं फसली वर्ष ऑक्टोबरात लागायचं आणि अमरदाद त्याचा नववा महिना, म्हणजे जून 1940. लोणारच्या वाटेवर आत्या आठ वर्षांची होती. आधार कार्डावरची तारीख कुणी, कुठल्या अंदाजानं घातली होती कुणास ठाऊक. पुतण्यानं फोनवर पुन्हा बेरीज करून पाहिली. सुईणीचा खर्च लिहिणाऱ्या माणसावर मी तरी कार्डापेक्षा जास्त विश्वास ठेवतो.

आठ वर्षांची, म्हणजे मग परतीचंही तिला सगळं आठवत असणार. 13 सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, 17ला निजामानं शरणागती पत्करली, आणि मंडळी गाडी जुंपून घरी आली. गोष्ट इथं संपायची. पण एकदा, आजोबा गेल्यानंतरच्या दिवाळीत, फराळाचे लाडू वळताना आत्या पुढं बोलली होती. शेजारच्या मुसलमानाच्या घराला कुलूप होतं. त्यांची पोरगी हिच्याबरोबर सागरगोटे खेळायची. ती माणसं परत आली नाहीत. पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यात मुसलमानांवर काय गुदरलं ते पंडित सुंदरलाल समितीनं त्याच साली फिरून नोंदवलं. आमच्या घरात त्याचा उच्चार नव्हता. आत्यानं बापाला विचारलं होतं, ती कुठं गेली. आजोबा म्हणाले होते, "पुरे."

मी काकांना म्हटलं, त्या सालाचं पान बघा. त्यांनी उलटलं. बैलांची पेंड, मंठ्याचा नाका, लोणारचं धान्य, सगळं आणेपैशानिशी. शेजाऱ्यांविषयी एक ओळ नाही.

"पानं वाढा," आतून काकू म्हणाल्या. "कावळा कव्हाचा बसलाय."