मुंबई–नागपूर : अंतर व प्रवासकाळ

महाराष्ट्राची राजधानी मुंबई व उपराजधानी नागपूर यांच्या विमानतळांमधील सरळ रेषेतील अंतर सुमारे 685 किमी. आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून नागपूर स्थानक लोहमार्गाने 837 किमी. पडते. रस्त्याचे अंतर मात्र एका आकड्यात सांगता येत नाही. वाट कोणती आणि मुंबईच्या कोणत्या टोकापासून मोजायचे, हे आधी ठरवावे लागते. दोन्ही शहरांच्या रेखांशांत सहा अंशांहून अधिक फरक असल्याने नागपुरात सूर्य मुंबईपेक्षा सुमारे 25 मिनिटे आधी माथ्यावर येतो. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच.

रस्ता : जुनी वाट कसारा घाट चढून नाशिक, धुळे, जळगाव, अकोला, अमरावती अशी जाते. ती आठशे किमी.हून लांब असून तिला पंधरा-सोळा तास सहज लागत. संध्याकाळी गाडीत बसायचे आणि दुसऱ्या दिवशी उन्हे वर आल्यावर उतरायचे, हा विदर्भातून मंत्रालयाच्या कामासाठी येणाऱ्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ होता. राजधानी लांब असल्याची विदर्भाची तक्रार नुसती भावनेची नव्हती, तिच्यामागे हे तास होते.

समृद्धी महामार्गाने हे चित्र पालटले. दहा जिल्ह्यांतून जाणाऱ्या या सहापदरी मार्गाचा नागपूर–शिर्डी हा 520 किमी.चा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी, तर इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. इगतपुरी-कसाऱ्यादरम्यान सुमारे 8 किमी.चा जुळा बोगदा असल्याने घाटाची चढण टळते. मोटारींना सपाटीवर ताशी 120 किमी.ची मर्यादा आहे. दुचाकींना प्रवेश नाही.

मार्गाची 701 किमी. लांबी म्हणजे मुंबई–नागपूर अंतर, असा समज रूढ आहे, तो दुरुस्त करायला हवा. हा मार्ग भिवंडी तालुक्यातील आमणे येथून निघून नागपूरजवळ शिवमडका येथे संपतो. प्रवासाचे प्रचलित ‘आठ तास’ही या दोन टोकांमधले आहेत. आमण्यापर्यंतची मुंबई-ठाण्याची वाहतूक धरली, तर घरापासून घरापर्यंत दहा तास हाच प्रामाणिक हिशोब.

हवाई मार्ग : वेळापत्रकात सुमारे दीड तास दिलेला असतो, प्रत्यक्ष आकाशात विमान तासाभराहून थोडे अधिक असते. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे वाहतात, त्यामुळे नागपूरकडे जाताना किंचित कमी वेळ लागतो. विमानतळ गाठणे, तपासणी व सामान धरून चार-पाच तास मोजावेत. नागपूरचा सोनेगाव विमानतळ शहरालगतच आहे. वेळ जातो तो मुंबईच्या बाजूला. या हवाई वाटेला जुना इतिहास आहे. 1949 मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रासची विमाने मध्यरात्री नागपुरात येत आणि टपालाची अदलाबदल करून परतत.

सुरक्षितता : समृद्धीवरील सलग, सरळ, एकसुरी रस्त्याने चालकाला डुलकी लागते, आणि काँक्रीटवरील सततच्या वेगाने जुने टायर तापून फुटतात. 1 जुलै 2023 च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली व 25 प्रवासी मृत्युमुखी पडले. निघण्यापूर्वी टायर तपासावेत, दर दोन तासांनी थांबावे आणि पहाटेच्या वेळी गाडी हाकणे टाळावे.