दुहेरी कुलूप आणि नकाराची नोंद

ज्यांनी जिल्हा कोषालयात काम केले आहे त्यांना दुहेरी कुलपाची पद्धत ठाऊक असेल. भक्कम खोलीची एक किल्ली कोषालय अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे. अधिकारी कितीही मोठा असो, एकट्याने दार उघडत नाही. ही व्यवस्था माणसावरील अविश्वासातून नव्हे, तर मनुष्यस्वभावाच्या जाणिवेतून आलेली आहे. निवृत्तीनंतर संगणकाशी परिचय वाढला, तेव्हा हेच तत्त्व तेथेही नांदत असल्याचे पाहून मला नवल वाटले.

संगणकातील नेहमीची परवानगी एकेरी कुलपासारखी असते. फाईल ज्याची, तो ठरवील त्याला ती वाचता येते. परंतु मालकाच्या नावाने चालणारा एखादा प्रोग्रॅम दुष्टाच्या हाती गेला, तर मालकाचे सारे अधिकार त्यालाही मिळतात. हा धोका ओळखून अमेरिकी हवाई दलासाठी 1972 मध्ये तयार झालेल्या अँडरसन अहवालाने, प्रत्येक मागणी तपासणारा आणि चुकविता न येणारा पहारेकरी यंत्रणेच्या गाभ्यातच असावा, असा विचार मांडला. 1973 मध्ये बेल आणि लापाडुला यांनी गोपनीयतेच्या श्रेणींचे गणिती प्रारूप रचले. 1985 मध्ये बोबर्ट आणि केन यांनी निराळी वाट काढली: प्रत्येक प्रोग्रॅमला व फाईलला एक चिठ्ठी चिकटवावी, आणि कोणत्या चिठ्ठीने कोणत्या चिठ्ठीशी कोणता व्यवहार करावा, याचे नियम आधीच लिहून ठेवावेत. नव्वदच्या दशकात युटा विद्यापीठाच्या सहकार्याने झालेल्या फ्लास्क या रचनेत, निर्णय देणारा आणि तो अमलात आणणारा हे दोघे वेगळे ठेवले गेले.

याच परंपरेतून अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने ‘एसई-लिनक्स’ घडविले आणि डिसेंबर 2000 मध्ये त्याची संहिता सर्वांसाठी खुली केली. 2003 मध्ये ते लिनक्सच्या 2.6 या मूळ आवृत्तीत समाविष्ट झाले.

खरी कसोटी पुढेच होती. मे 2004 मध्ये फेडोरा कोअर 2 मध्ये ही व्यवस्था आली. परंतु तिचे कडक धोरण रोजच्या कामात इतके अडथळे आणू लागले की, ती मुळात बंदच ठेवून वितरित करावी लागली. नोव्हेंबर 2004 च्या पुढील आवृत्तीत मध्यममार्ग निघाला. बाहेरच्या जगाशी संबंध येणाऱ्या निवडक सेवांवरच पहारा ठेवून बाकीच्यांना मोकळीक देण्यात आली. तरीही ‘अडले की बंद करा’ ही सवय मात्र रुजली ती रुजलीच.

तिचा अनुभव मलाही आला. एका ग्रंथालयाची सूची संगणकावर चढविण्याचे काम माझ्या भाच्याने हाती घेतले होते. पाने तयार झाली, परवानग्याही बरोबर होत्या, पण सूची काही उघडेना. वैतागून तो म्हणाला, “मामा, हे एसई-लिनक्स बंदच करून टाकतो.” मी म्हणालो, “अरे, नकाराचे कारण कोठे लिहिलेले असते का, ते आधी पाहा.” ते लिहिलेले होते. ऑडिटच्या नोंदवहीत मागणारा कोण, मागितले काय आणि कोणत्या चिठ्ठीच्या वस्तूवर, हे एका ओळीत स्पष्ट होते. भाच्याने फाईल स्वतःच्या घरच्या फोल्डरमधून उचलून सेवेच्या फोल्डरमध्ये हलविली होती. नक्कल केली असती तर नव्या जागेची चिठ्ठी मिळाली असती. हलविल्यामुळे जुनीच चिठ्ठी बरोबर आली. ‘रिस्टोअरकॉन’ ही एक आज्ञा दिली आणि चिठ्ठी दुरुस्त झाली. पहारेकऱ्याला हटवावे लागले नाही.

यातून चौकशीचा क्रम ध्यानात येतो. प्रथम साधी परवानगी पाहावी, कारण पहिले कुलूप उघडले नाही तर दुसऱ्यापर्यंत प्रश्न जातच नाही आणि त्याची नोंदही होत नाही. मग नोंदवही वाचावी, चिठ्ठी तपासावी. त्यानंतर धोरणात आधीच ठेवलेली एखादी सवलत लागू पडते का, हे पाहावे. नवा नियम अगदी शेवटी. नोंदीवरून आपोआप नियम करून देणारे ‘ऑडिट-टू-अलाऊ’ हे साधन आहे खरे, पण ते न वाचता वापरणे म्हणजे कोऱ्या कागदावर सही करणे होय. अडविलेला मनुष्य खरोखरच चोर असेल, तर त्याला आपण आपल्याच हाताने परवाना देऊन बसू. तपासापुरते पहाऱ्याला ‘अडवू नको, फक्त नोंद कर’ असेही सांगता येते. मात्र तपास संपताच त्याला पुन्हा कामावर रुजू करून घ्यावे.

वाचकांना हे सारे दूरचे वाटेल. परंतु अँड्रॉइडने 2013 पासून हीच व्यवस्था स्वीकारली आणि 2014 च्या पाचव्या आवृत्तीपासून ती संपूर्णपणे लागू केली. म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या खिशातील फोनमध्ये हे दुहेरी कुलूप आज आहे.

त्या रात्री मला माझ्याच सेवाकाळातील काही फायली आठवल्या. ‘नामंजूर’ एवढा एकच शब्द लिहून मी त्या परत पाठविल्या होत्या. अर्जदाराने काय दुरुस्त करावे, हे त्याला कसे कळावे? नकार देणे हे पहारेकऱ्याचे कर्तव्यच आहे. पण कारण लिहून दिलेला नकार माणसाला वाट दाखवितो, आणि कारण न लिहिलेला त्याला आडवाटेला लावतो. यंत्राने पाळलेला हा नियम मी खुर्चीवर असताना पाळला असता, तर बरे झाले असते.