एलिचपूर नावाचा जिल्हा

अंजनगाव-सुर्जीच्या एका जुन्या वाड्यात काही वर्षांपूर्वी आम्हांस एक खरेदीखत पाहावयास मिळाले. मोडी लिपी, कडा कसरीने खाल्लेल्या, शाई तपकिरी पडलेली. परंतु मजकूर लागत होता. शेताचे वर्णन नेहमीच्या थाटात होते : मौजे अमुक, तालुके दर्यापूर, जिल्हे एलिचपूर. घरातील तरुण मुलगा हा कागद घेऊन एका कचेरीत जाऊन आला होता आणि तेथील कारकुनाने त्यास सांगितले होते की, असा जिल्हाच नाही, कागद तपासून आणा. मुलाने आम्हांस विचारले, "काकाजी, एलिचपूर म्हणजे आपलं अचलपूरच ना? ते जिल्हा कधी होतं?"

होते. १८६७ ते १९०५, अशी अडतीस वर्षे. एवढ्या काळात एक पिढी जन्मून, शिकून, कचेरीत चिकटून निवृत्तीच्या वाटेला लागते. आणि तरी आज अमरावती जिल्ह्यातील शंभर माणसांना विचारले, तर नव्वदांना हे ठाऊक नसते. लढाईत पडलेल्या राज्यांचे पोवाडे होतात; सरकारी आदेशाने मिटलेल्या जिल्ह्याचे काहीच होत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

वऱ्हाडच्या कारभाराची हकीकत मुळातच विचित्र आहे. १८०३ च्या डिसेंबरात गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी, १७ तारखेस, अचलपूरजवळच्या देवगाव येथे नागपूरकर भोसल्यांनी तह केला. त्याच महिन्याच्या ३० तारखेस शिंद्यांचा तह सुर्जी-अंजनगावास झाला. म्हणजे मराठी सत्तेची कंबर ज्या दोन कागदांनी मोडली, ते दोन्ही कागद पुढे ज्याला एलिचपूर जिल्हा म्हणावयाचे त्या टापूतच लिहिले गेले. देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांकडून सुटून निजामाकडे गेला. पुढे पन्नास वर्षांनी, १८५३ मध्ये, निजामाने कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी तो इंग्रजांच्या हवाली केला. हवाली केला म्हणजे दिला नव्हे. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची, हिशेब हैदराबादच्या रेसिडेंटाकडे. सरकारी कागदांत या प्रांताचे नावसुद्धा वऱ्हाड नव्हते. 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' असे ते लांबलचक नाव होते. गहाण पडलेल्या शेताची मशागत सावकार कशी करतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या व्यवस्थेचा स्वभाव समजावून सांगावा लागणार नाही.

आरंभी या मुलखाचे दोनच जिल्हे केले गेले. दक्षिणेचे ठाणे हिंगोलीस आणि उत्तरेचे बुलढाण्यास. हिंगोली पुढे निजामाकडे परत गेली आणि नवी मांडणी झाली : पूर्व वऱ्हाड अमरावतीस, पश्चिम वऱ्हाड अकोल्यास. मग कापसाचे दिवस आले. अमेरिकेतील यादवी युद्धाने वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आणला, पयानघाटातून लोहमार्ग गेला, महसूल वाढला आणि दोन साहेबांच्या आवाक्यात हा कारभार मावेनासा झाला. १८६४ मध्ये अमरावतीतून आग्नेय वऱ्हाड आणि अकोल्यातून नैर्ऋत्य वऱ्हाड फुटले. पहिल्याला पुढे वणी जिल्हा म्हणू लागले, पण त्याचे मुख्य ठाणे वणीस नसून यवतमाळास होते! नैर्ऋत्य वऱ्हाडाला काही काळ मेहकर जिल्हा असे नाव होते, पुढे ते बुलढाणा झाले. १८६७ मध्ये अमरावतीतून एलिचपूर निघाले आणि १८७५ मध्ये अकोल्यातून वाशीम. झाले सहा जिल्हे.

एलिचपूरच्या वाट्याला तीन तालुके आले : एलिचपूर, दर्यापूर आणि मेळघाट. शहराचा दावा जुना होता. महानुभावांच्या ग्रंथांतले अळजपूर ते हेच. इमादशाहीची राजधानी येथेच होती. १४९० मध्ये फत्तेउल्ला इमादुल्मुल्क स्वतंत्र झाला तेव्हापासून १५७४ मध्ये अहमदनगरने ते राज्य गिळेपर्यंत. मोगलांनी सुभ्याचे ठाणे बाळापुरास हलविले तेव्हा शहराची पहिली उतरण झाली. निजामाच्या अमलात येथील नबाबांनी पुन्हा थोडी शान आणली. सापन आणि बिच्छन या नद्यांच्या काठचा तट, दरवाजे, हौजकटोरा, कबरी हे सारे त्या चढउतारांचे अवशेष. इंग्रजांनी मात्र आपला संसार गावात थाटला नाही. दोन मैलांवर परतवाडा येथे छावणी होती, तेथेच साहेबांच्या कचेऱ्या आणि बंगले उभे राहिले. त्यामुळे जिल्ह्याचे नाव एलिचपूर आणि जिल्ह्याचा जीव परतवाड्यात, असा प्रकार झाला. आजही बाहेरगावचा माणूस परतवाड्याला उतरतो आणि अचलपूर पाहावयाचे राहून जाते.

वऱ्हाडात जिल्ह्याच्या प्रमुखास कलेक्टर म्हणत नसत. तो डेप्युटी कमिशनर. जमीनव्यवस्था मुंबईच्या धर्तीची रयतवारी, पदनामे पंजाब-मध्यप्रांताच्या वळणाची आणि वरचे छत्र हैदराबादचे. परंतु शेतकऱ्याला या तिन्हींशी कर्तव्य नव्हते. त्याच्या दृष्टीने जिल्हा म्हणजे खजिना, तुरुंग, मोठी कोर्टकचेरी, सिव्हिल सर्जन, आणि या साऱ्यांच्या आवारात बसणारे अर्जनवीस, स्टँपविके, वकील, खाणावळी. धारणीकडचा कोरकू जंगलखात्याच्या दंडाविरुद्ध दाद मागावयास निघाला तर त्याने घाट उतरला की परतवाडा. जिल्ह्याचे ठाणे डोंगराच्या पायथ्याशी असणे याचा अर्थ त्याच्यासाठी एवढाच, आणि तो मोठा होता.

मग हा जिल्हा मोडला का?

१९०२ च्या नोव्हेंबरात लॉर्ड कर्झनने निजामाशी नवा करार केला. वर्षाला पंचवीस लाख रुपये देऊन वऱ्हाड कायमचे भाडेपट्ट्याने घेतले गेले आणि १ ऑक्टोबर १९०३ पासून ते मध्यप्रांताच्या चीफ कमिशनरच्या हाताखाली आले. हैदराबाद सुटले, नागपूर आले. नव्या धन्याने घर ताब्यात घेतल्यावर प्रथम भिंती मोजाव्यात, तसे झाले. सारे वऱ्हाड १७,७१० चौरस मैल आणि १९०१ च्या खानेसुमारीप्रमाणे लोकसंख्या २७,५४,०१६. एवढ्यासाठी सहा जिल्हे, सहा डेप्युटी कमिशनर, सहा तुरुंग, सहा खजिने! १९०५ च्या ऑगस्टमध्ये सहाचे चार झाले.

या २७ लाखांच्या आकड्यापाशी क्षणभर थांबावयास हवे. दहा वर्षांपूर्वी, १८९१ मध्ये, तो २८,९७,४९१ होता. मधल्या काळात १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ होऊन गेले. वाशीम जिल्ह्यात शेकडा अकरा माणसे कमी झाली. मेळघाट तालुक्यात १८९१ मध्ये ४६,८४९ माणसे होती. १९०१ मध्ये उरली ३६,६७०. काही मेली, काही देशोधडीला लागली. एलिचपूर जिल्ह्याचे क्षेत्र २,६०५ चौरस मैल. त्यातले निम्म्याहून अधिक एकटे मेळघाट, म्हणजे जंगल. जिल्ह्याच्या २,९७,४०३ वस्तीतला आठवा हिस्साच तेथे. हिशेबाच्या वहीत हा जिल्हा लहान, कमी वस्तीचा आणि खर्चाचा दिसणारच. आमचे मत असे की, वऱ्हाडातले हे दोन जिल्हे कर्झनच्या काटकसरीने जितके मोडले तितकेच दुष्काळाने मोडले. कागदावर सही तेवढी नंतर झाली. ज्या दशकात माणसांना सरकारची कचेरी सर्वाधिक जवळ हवी होती, त्याच दशकाच्या मृत्युसंख्येने ती कचेरी उठवण्यास कारण पुरवले.

रेल्वेचे कारण सांगणारेही भेटतात. एलिचपूर आणि वाशीम ही दोन्ही ठाणी तेव्हा लोहमार्गापासून दूर होती हे खरे. पण बुलढाण्यास तर आजतागायत रेल्वे नाही, आणि ते टिकले. नुसते टिकले नाही, तर त्याला धष्टपुष्ट करण्यासाठी अकोल्याचे खामगाव आणि जळगाव हे दोन तालुके तोडून दिले. ही सारी फेरवाटणी संगीतखुर्चीसारखी झाली. एलिचपूर अख्खे अमरावतीत आले, म्हणून अमरावतीचे मूर्तिजापूर अकोल्याला गेले. अकोल्याने खामगाव-जळगाव सोडले आणि मोडलेल्या वाशीमातून वाशीम व मंगरूळ हे तालुके घेतले. वाशीमचा तिसरा तालुका पुसद यवतमाळला मिळाला. वणी जिल्ह्याने याच वेळी आपले नाव टाकून यवतमाळ हे नाव घेतले. त्याच वर्षी बंगालची फाळणी झाली आणि तिने देश पेटला. वऱ्हाडातील बदल त्या मानाने फारच किरकोळ, हे आम्हांस कबूल आहे. पण ज्याचे घर ज्या रेघेवर असते, त्याला तीच रेघ मोठी.

अमरावतीला याचा लाभ झाला. कापसाची पेठ तेथे होतीच, १८९७ ची काँग्रेस तेथे भरून गेली होती. आता दोन जिल्ह्यांतून चालणारे काम एकाच जिल्ह्याच्या ठाण्यात आले आणि कमिशनरही अमरावतीलाच बसत असे. १९०१ मध्ये अमरावतीची वस्ती ३४,२१६ आणि एलिचपूरची २६,०८२. परतवाडा धरले तर दोन्ही गावे तोलामोलाची होती. पुढच्या शंभर वर्षांत त्यांची बरोबरीच राहिली नाही. मूर्तिजापूरहून अचलपूरला छोट्या रुळांची गाडी आली तीही जिल्हा गेल्यानंतर. तीच आपली शकुंतला, जी आता धावत नाही.

चार जिल्ह्यांचे वऱ्हाड त्र्याण्णव वर्षे टिकले. इंग्रज गेले, निजाम गेला, १९५६ मध्ये नागपूरचा संबंध सुटून मुंबई आली, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला; रेघा त्याच. मग १ जुलै १९९८ रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाला. १ जुलै हा वसंतराव नाईकांचा जन्मदिवस. नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, आणि पुसद हा जुन्या वाशीम जिल्ह्याचाच तालुका. त्यांच्या वाढदिवशी जो वाशीम जिल्हा परत जन्मला त्यात पुसद मात्र नाही. महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री देणारा हा तालुका वाशीमला जवळ असूनही यवतमाळातच राहिला. उलट कारंजा, जे जुन्या वाशीम जिल्ह्यात कधीच नव्हते, मूर्तिजापूर तालुक्यात होते, ते नव्या वाशीमात आले. तेव्हा मेलेला जिल्हा परत आला असे म्हणता येत नाही. त्याच्या नावाने दुसराच आला. तरी वाशीमकरांच्या गाड्यांवर एमएच-३७ आले याचा आनंद आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. जर्मनीत गेल्या शतकाच्या साठ-सत्तरच्या दशकांत असेच घडले. पश्चिम जर्मनीतील सव्वाचारशे ग्रामीण जिल्ह्यांचे २३७ केले गेले आणि मोडलेल्या जिल्ह्यांची अक्षरे गाड्यांच्या पाट्यांवरून गेली. चाळीस वर्षांनी, २०१२ मध्ये, ती जुनी अक्षरे पुन्हा लावण्याची मुभा मिळाली आणि लोकांनी ती हौसेने लावली. जिल्हे परत आले नाहीत, अक्षरे आली. अचलपूरला जिल्हाही नाही आणि अक्षरेही नाहीत.

१९९९ मध्ये हिंगोलीही जिल्हा झाली, परभणीतून निघून. म्हणजे १८५३ पासून वऱ्हाडच्या कारभारात ज्या ज्या गावाने जिल्ह्याचे ठाणे म्हणून काम पाहिले, त्या साऱ्यांना तो मान आज परत मिळालेला आहे किंवा कधी गेलेलाच नाही. अपवाद एकाच गावाचा. अचलपूर जिल्ह्याची मागणी निवडणुकीच्या आसपास नेमाने निघते आणि नेमाने विरते. तिच्यात जुन्या राजधानीच्या वैभवाचे वर्णनच अधिक असते. आम्हांस वाटते, इमादशाही पुढे करून हा दावा सिद्ध होणार नाही. तो सिद्ध होईल धारणीच्या एस. टी. स्टँडवर. तेथून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर. घाट उतरून, परतवाडा ओलांडून, तेथून पुन्हा तासाभराहून अधिक. मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्या १९९३ पासून आपण वाचत आलो. ते मृत्यू जिल्हा वेगळा असता तर टळले असते, असे भाबडेपणाने आम्ही म्हणणार नाही. गडचिरोली १९८२ मध्ये वेगळी झाली आणि तिचे प्रश्न काही संपले नाहीत. पण परतवाड्यात बसणाऱ्या अधिकाऱ्याच्या खिडकीतून गाविलगडचा डोंगर दिसतो. अमरावतीतून दिसत नाही.

त्या मुलास आम्ही एका कागदावर १८६७ आणि १९०५ ही दोन साले, तिन्ही तालुक्यांची नावे आणि गॅझेटियरचा दाखला लिहून दिला. महिन्याभराने त्याचा फोन आला, काम झाले. अर्जात जिल्ह्याच्या रकान्यात 'अमरावती (पूर्वीचा एलिचपूर)' असे लिहा, असे त्यास सांगण्यात आले होते. रकाना लहान होता; 'पूर्वीचा एलिच' एवढेच मावले.