पाणचक्की आणि अप्पांची झोप

गेल्या सुट्टीत सोनाळ्याला गेलो होतो. अप्पांच्या उशाशी माशांची टाकी आणि पंपाची रात्रभर घरघर! वैतागून ते मासेच देऊन टाकायला निघालेले.

मला आठवली औरंगाबादची (आता छत्रपती संभाजीनगर) पाणचक्की. मलिक अंबरने १७व्या शतकात या शहरात नहरी आणल्या. पाणचक्की त्याच परंपरेतली. डोंगरातलं पाणी बंद नळांतून खाली येऊन पुन्हा उंच भिंतीवर चढतं, तेही पंपाशिवाय! बंद नळात पाणी आपली पातळी गाठतंच.

टाकीबाहेरच्या कॅनिस्टर फिल्टरचंही तसंच. उतरणारं पाणी चढणाऱ्याला तोलतं, मोटरला मुख्यतः घर्षणाशी झुंजायचं. म्हणून लहान मोटर घेतली, खाली रबर ठेवलं, आतली हवा काढली.

सकाळी अप्पा म्हणाले, "राहू दे रे मासे."