कॉट्सवोल्डमधला छज्जा

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमध्ये, कॉट्सवोल्डच्या टेकड्यांत सेझिंकोट नावाचं घर आहे. पहिल्या श्रेणीची संरक्षित वास्तू. माथ्यावर तांब्याचा, हिरवट पडलेला कांदाघाटी घुमट, कोपऱ्यांवर छत्र्या, खिडक्यांवर पिसारा फुलवल्यासारख्या कमानी आणि त्यांच्यावर पुढे आलेला रुंद छज्जा. वैशाखाचं ऊन भिंतीला भाजू नये, पावसाची झड आत येऊ नये, म्हणून आपल्याकडे छज्जा काढतात. जिथे ऊन पडलं की लोक खुर्च्या बाहेर मांडतात, तिथे तो कशाला?

माग काढायला लांब जावं लागत नाही. सालबाईच्या तहामुळे आपल्याला ठाऊक असलेला वॉरन हेस्टिंग्ज मायदेशी परतल्यावर जवळच डेल्सफोर्डला राहिला. त्याचं घर सॅम्युएल पेपिस कॉकरेल या वास्तुविशारदाने बांधलं आणि त्यावर बिचकत बिचकत एक मुघली वळणाचा घुमट चढवला. पुढे 1805 च्या सुमारास, कंपनीच्या चाकरीत गब्बर झालेल्या चार्ल्स या भावासाठी सेझिंकोट बांधताना त्याची भीड पार चेपली.

हिंदुस्थान मात्र त्याने पाहिलेला नव्हता. तो पाहिला होता थॉमस डॅनियल या चित्रकाराने. पुतण्या विल्यमला घेऊन तो 1786 पासून सात-आठ वर्षं इथे हिंडला, कॅमेरा ऑब्स्क्युराच्या मदतीने इमारती रेखाटल्या आणि लंडनला जाऊन 144 छापचित्रं काढली. सेझिंकोटचे तपशील जुळवायला तोच मदतीला होता. पण चित्रात रेषा उतरते, ऊन उतरत नाही. म्हणून छज्जा आला, अंगण आलं नाही. दार उघडून आत गेलं की जिना, दिवाणखाना, सगळं अस्सल जॉर्जियन, ग्रीक-रोमन घाटाचं. हिंदुस्थान उंबऱ्याबाहेरच थांबतो.

बागेत डॅनियलचा हात अधिक मोकळा चालला. तिथल्या पुलाच्या कठड्यावर नंदी बसले आहेत आणि खालचे खांब आपल्या घारापुरीच्या लेण्यांवरून सुचलेले. शेजारी सूर्याचं छोटंसं देऊळ. मुघली घुमटाच्या आवारात सूर्य नि नंदी! दिल्ली-आग्ऱ्याच्या कारागिरांनी कपाळाला हात लावला असता. मला मात्र हा घोळ घरापेक्षा जिवंत वाटतो.

1807 मध्ये युवराज जॉर्ज इथे येऊन गेला आणि भुलला. हाताशी पैसा नव्हता, म्हणून थांबावं लागलं. 1815 ते 1822 या काळात जॉन नॅशने त्याच्यासाठी ब्रायटनचा समुद्राजवळचा महाल घुमट-मिनारांनी नटवला. तिथे आत जॉर्जियन साधेपणा नाही: बाहेरून हिंदुस्थान आणि आतून, सोनेरी ड्रॅगनांसकट, चीन.