तापलेली गाडी आणि मांजरसुंब्याचा घाट

बीड शहरात रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. परळीला रूळ निजामाच्या काळापासून होते, पण जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाला एवढी वाट पाहावी लागली. त्यामुळे आमचा अलीकडचा इतिहास लिहायचा तर तो ट्रक आणि एस.टी.च्या चाकांवरूनच लिहावा लागतो. आणि आमच्याकडे चाकांचा इतिहास फिरून फिरून पाण्यापाशीच येतो. मी मेकॅनिक नव्हे, मराठी शिकवणारा मास्तर. पण उभा जन्म या रस्त्यावर गेला. जे पाहिलं, विचारून घेतलं, ते नातवंडांसाठी लिहून ठेवतो.

आधी थोडं मागे जाऊ. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्या घेऊन रस्त्यावरची वाहतूक सुरू केली. तिकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर ही पहिली एस.टी. धावली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि ती गाडी आमचीही झाली. मालवाहतुकीत मोठा बदल घडवला तो टेल्कोने. १९५४ साली जर्मनीच्या डेमलर-बेन्झशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनू लागले. करार १९६९ पर्यंत चालला. लांब नाकाचा, पुढे तीन टोकांचा तारा असलेला तो टाटा-मर्सिडीज ट्रक माझ्या पिढीने लहानपणी डोळे भरून पाहिला आहे.

गंमत म्हणजे मर्सिडीज या नावाची कीर्ती सुरू झाली तीच मुळी पाणी थंड करण्याच्या युक्तीपासून! १९०० च्या सुमारास विल्हेल्म मायबाख या इंजिनिअरने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात ८०७० बारीक नळ्या होत्या. त्याआधी गाड्या बादल्यांनी पाणी पीत. डिझेल जाळून जी उष्णता निघते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, एक धुरावाटे जातो आणि उरलेला पाण्याला वाहून न्यावा लागतो. पाणी हरलं की इंजिन हरलं.

आता आमचा घाट बघा. बीडहून सोलापूरकडे निघालं की आधी खजाना बावडी लागते. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात सलाबत खानाने बांधलेली ही विहीर दुष्काळातही आटत नाही अशी तिची ख्याती. पुढे पाली, बिंदुसरेचा तलाव, आणि मग मांजरसुंब्याचा चढ. भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढते. इंजिन पूर्ण जोरात, पण वेग माणसाच्या चालीचा. म्हणजे समोरून वारा नाही, सगळा भार पंख्यावर. त्यात उंचीमुळे पाणी शंभर अंशांच्या थोडं अलीकडेच उकळतं. रेडिएटरचं झाकण दाब धरून हा उकळबिंदू वर ढकलतं, पण जुन्या गाडीच्या झाकणाची स्प्रिंग मेलेली असते. मग काय, अर्ध्या घाटात वाफेचा फवारा.

त्या वेळच्या ड्रायव्हर लोकांचं निदान ऐकण्यासारखं असे. उस्ताद आधी इंजिन लगेच बंद करू देत नसे. पाणी अगदीच गेलं नसेल तर काही वेळ नुसतं चालू ठेवायचं, म्हणजे फिरतं पाणी उष्णता ओढून घेतं. झाकणाला हात लावायचा तो इंजिन निवल्यावर, वर ओलं गोणपाट टाकूनच. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतलं तर हेडला तडा जातो, म्हणून थोडं थोडं. मग क्रमाने तपास : फॅन बेल्ट सैल आहे का, पंपाच्या खाली थेंब आहे का, होस पाइप फुगलाय का. रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे येत असतील, किंवा ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल, तर हेड गॅसकेट गेलं. मग गाडी ओढूनच न्यायची.

सगळ्यात मोठा चोर मात्र विहिरीचं पाणी. आमच्या काळ्या पाषाणातलं पाणी जड. त्यातले क्षार तापल्यावर नळ्यांच्या आत बसतात, चहाच्या पातेल्याला थर धरतो तसेच. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने मला सूत्र सांगितलं होतं : 'गुरुजी, ज्या पाण्यात डाळ शिजत न्हाई ते गाडीला पाजू नये.' रसायनशास्त्राचा अख्खा धडा एका वाक्यात!

माझा पुतण्या बर्फाच्या देशात राहतो. त्याच्या जुन्या ट्रकचा हीटर गार हवा फेकतो आणि काटा मात्र वर चढतो, असं तो फोनवर म्हणाला. त्याला म्हटलं, बाबा, आधी पाणी बघ (आणि इंजिन गार झाल्यावरच!). हीटर म्हणजे इंजिनच्याच पाण्यावर चालणारा छोटा रेडिएटर. पाणी कमी झालं की त्याच्यात आधी हवा शिरते. उलट, हीटर कोमट आणि काटा वरच येत नाही असं असेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला असतो. आमच्याकडचे मिस्त्री तर थर्मोस्टॅट काढूनच टाकत. गरम देशात कशाला हवा, असा हिशेब. पण त्याने इंजिन थंडीत तापायला वेळ लावतं आणि डिझेल जास्त खातं. हीटर आमच्या गाड्यांना नव्हताच. पुढे बिननाकाच्या गाड्या आल्या, इंजिन केबिनमध्ये आलं, तेव्हा हिवाळ्यात क्लीनर त्याच्या झाकणावरच निजे.

हिवाळा म्हणजे ऊसतोडीचा हंगाम. १९७२ च्या दुष्काळानंतर कोयता घेऊन निघणारी घरं वाढली. दसरा झाला की माझा वर्ग अर्धा रिकामा व्हायचा. मुकादमाने आणलेले ट्रक बहुधा जुनेच असत. त्यात माणसं, भांडी, शेळ्या, लहान लेकरं, आणि वर कोपी बांधायचं सामान. त्याच घाटात असा एक ट्रक तापून उभा राहिलेला मी एस.टी.तून उतरून पाहिला आहे. कॅनमधलं पाणी संपलं होतं. ड्रायव्हरने मागे हाक दिली. एका बाईने काही न बोलता प्यायच्या पाण्याची घागर खाली दिली. मग दुसरीने दिली. माझ्या वर्गातला एक पोरगा वरून बघत होता. गाडी सुरू झाली. पुढे पाणी मिळेपर्यंत ती लेकरं काय प्यायली, मला ठाऊक नाही.

तेव्हापासून मला वाटत आलंय, साखरेच्या इतिहासात हे पाणीही मोजायला हवं. १९५० साली प्रवरानगरला पहिला सहकारी कारखाना उभा राहिला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांची नावं आपण आदराने घेतो, घ्यायलाच हवीत. पण उसापर्यंत हात पोचवणाऱ्या गाड्यांनी वाटेत कुणाच्या घागरी रिकाम्या केल्या, त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

आज रस्ता चौपदरी आहे. रेडिएटरमध्ये रंगीत कूलंट असतं. २०२५ पासून नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, ड्रायव्हरच्या घामाची दखल कायद्याने घेतली, छान झालं. दसऱ्यानंतर आमच्या गावांतून गाड्या मात्र अजून निघतात, आणि उन्हाळ्यात आमच्या वस्त्यांना पाणी आणणारा टँकरही आधी स्वतःचा रेडिएटर भरून घेतो.

असो. पुतण्याचा हीटर पाणी भरल्यावर सुरू झाला, हे कळवायचं राहिलं. गळती कुठे आहे ती मात्र त्याने शोधायला हवी. नुसतं वरून ओतत राहणं हा उपाय नव्हे, हे आम्हा बीडकरांइतकं कुणाला ठाऊक?